बघितलं की बंद पडतंय

स्वयंपाकघरात स्टीलची वाटी पडली, फरशीवर गरगर फिरली, थरथरली आणि गप्प झाली. एरवी असल्या आवाजाला त्या घरात कुणी मानही वळवली नसती. पण आज सकाळपासून घर इतकं दाबून शांत ठेवलेलं होतं, की शिवांजली खुर्चीतच दचकली.

"सौंदर्या!"

"मी न्हाई. वाटीच पडली," आतून उत्तर आलं.

पाठोपाठ चार वर्षांची सौंदर्या दारात येऊन उभी राहिली. तिनं आईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आईनं ऑफिसचा निळा ड्रेस घातला होता, वेणी घट्ट घातली होती, ओढणीला पिन लावली होती. पायात मात्र घरातल्या स्लिपर.

"तू ऑफिसला चाललीस?"

"हो."

"मग चप्पल?"

"आजपासून चप्पल न घालता जायचं," शिवांजलीनं कॉम्प्युटरकडं बोट दाखवलं. "हे बघ, यात माझं ऑफिस दिसायला लागलं, की आई ऑफिसात. मग हाक मारायची नाही, ओढणी ओढायची नाही."

"आणि दिसायचं बंद झालं की?"

"की आई घरी."

सौंदर्याला हे पटलं. मोठ्या माणसांच्या मानानं बरंच स्वच्छ काम होतं.

शिवांजली शिरोलीच्या एका फाउंड्रीत ड्रॉइंगं काढायची. पंपाची कव्हरं, चाकं, कसले कसले दांडे. लोखंड ओतण्याआधी ते कसं दिसणार हे तिच्या कॉम्प्युटरवर ठरायचं. सासूबाई होत्या तोवर सौंदर्याची काळजी नव्हती. पण कागलच्या नणंदेला जुळं झालं आणि सासूबाई बॅग भरून गेल्या त्या गेल्याच. नवरा मल्लेश शेतीपंप विकायला रोज जयसिंगपूर, शिरोळ, कुठं कुठं. मग शिवांजलीनं लेकीला फाउंड्रीत न्यायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी गालगुच्चे घेतले. दुसऱ्या आठवड्यात सौंदर्यानं साच्यांच्या काळ्या वाळूत पन्हाळा बांधला, तीन दरवाज्यासकट, आणि त्यासाठी ओतकामासाठी तयार ठेवलेले साचे मोडून दगडमातीची सोय केली.

मालक प्रभुलिंग अण्णा चांगला माणूस. त्यांनी पोरीला पेढा दिला आणि आईला आत बोलावलं.

"शिवांजली, पोरगी गोड हाय. पण माझी फाउंड्री हाय, बालवाडी न्हाय."

तेव्हा तिनं घरून काम करायची गोष्ट काढली. कोल्हापुरात ब्रॉडबँड नुकतं गल्लोगल्ली पोचत होतं. घरच्या कॉम्प्युटरवरून ऑफिसचा कॉम्प्युटर चालवता येतो, हे तिनं वाचलं होतं. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचं कुलूप ऑफिसच्या मशीनच्या पाठीत खोचलेलं, ते उपटून घरी आणता येत नव्हतं. म्हणून मशीन राहील शिरोलीत, ती राहील राजारामपुरीत, आणि मध्ये तार.

अण्णांनी पंख्याकडं बघितलं. "एक दिस करून दाव. पुण्याच्या गिऱ्हाइकाचं कव्हरचं ड्रॉइंग दुपारच्या भोंग्याआधी घरातनं गेलं, तर बस घरात. न्हाय गेलं, तर जयसिंगपूरचा एक पोरगा सोमवारपासून यायला तयार हाय. मग तू आणि मी दोघं मोकळं."

तो दिवस आज होता.

शिवांजलीनं हात जोडले, ऑफिसच्या कॉम्प्युटरचा नंबर टाकला आणि बटण दाबलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एक पाटी आली: समोरचा संगणक सापडत नाही.

मोबाईलला रेंज फक्त गॅलरीत, तीही वाळत घातलेल्या कपड्यांच्या पलीकडं. ती गॅलरीत धावली. फोन स्टोअरकीपर गणपतरावांनी उचलला. फाउंड्रीत कॉम्प्युटरला हात लावायची हिंमत असलेले ते दुसरे.

"काका, माझं मशीन चालू आहे का?"

"बंद हाय की."

"बंद का? काल सांगितलं होतं ना, बंद करू नका म्हणून?"

"काल सांगितलासा ओ ताई. आज आमुशा हाय."

शिवांजलीनं कपाळाला हात लावला. अमावास्येला फाउंड्रीत भट्टीपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्याची पूजा व्हायची आणि पूजलेलं मशीन दिवसभर बंद राहायचं. ते ठाऊक असूनही अण्णांनी हाच दिवस दिला होता, आणि तिनं तो घेतला होता. दोघांनीही कॉम्प्युटर मशीनमध्ये धरला नव्हता. बयाबाईंनी धरला होता.

"फोन द्या बघू त्यांच्याकडं."

बयाबाई फाउंड्री झाडायच्या आणि चालवायच्यासुद्धा, असं निम्मी माणसं म्हणत. "बोल पोरी."

"मावशी, माझं मशीन चालू करा ना."

"हळदकुंकू लावलंय, झेंडूचं फूल व्हायलंय. आता उद्या. पूजलेल्या मशीनला हात लावत न्हाईत."

"पण मी कुठं हात लावणाराय? मी घरात बसलेय. हात न लावता चालवणार!"

बयाबाई धर्माच्या बाबतीत कडक होत्या, पण वकिली मुद्दा ओळखायच्या.

"हात लावणार न्हाईस?"

"बोटसुद्धा नाही."

"मग चालव. पर बटण कुणी दाबायचं?"

बटण उदबत्तीच्या पुड्याच्या टोकानं दाबलं गेलं. देवाचीच वस्तू, म्हटल्यावर दोष नाही.

या वेळी पाटी आली नाही. काळा पडदा आला, लुकलुकला, आणि शिवांजलीच्या घरात, दळणाचा डबा आणि इस्त्रीचे कपडे यांच्यामध्ये, तिचं ऑफिस उघडलं. तेच निळं चित्र, त्याच फायली. पलीकडच्या कव्हरचा गोल तिनं माउसनं जरा ओढला, आणि तो शिरोलीत सरकला. तिला हसूच फुटलं.

"गेलीस?" दारातून सौंदर्यानं हळूच विचारलं.

"गेले," शिवांजली कुजबुजली.

सौंदर्यानं हात हलवून टाटा केला आणि बाहुलीला घेऊन पलंगाखाली गेली.

कव्हरची दोन भोकं पुण्याच्या माणसाला थोडी आत हवी होती. शिवांजलीनं पहिलं भोक सरकवलं. दुसऱ्यावर बाण नेला आणि ऑफिस नाहीसं झालं. पडद्यावर पुन्हा तिचं घरचं चित्र: सौंदर्याचा जावळाचा फोटो.

"आई आली!" पलंगाखालून आरोळी उठली.

शिवांजली गॅलरीत. "काका, काय झालं?"

"काय न्हाय ताई, काळजी सोडा. सोडवलं तुमास्नी."

"सोडवलं? कशातनं?"

"मशीनवर कुलूप आलतं. आणि कुलपावर तुमचं नाव. म्हटलं, बाई घरातनं आत शिरल्या आणि आत अडकल्या. तुमचा पासवर्ड टाकला, कुलूप काढलं."

"माझा पासवर्ड तुम्हाला कसा ठाऊक?"

"पोरीचंच नाव असणार की. दुसरं काय असतंय?"

शिवांजलीनं श्वास घेतला. "काका, मी आत असले की तिथं कुलूप दिसणारच. ते काढलं, की मी बाहेर फेकली जाते. एका वेळी एकच माणूस. आता काढू नका."

"न्हाय काढत. आईशप्पत."

"आणि पूजलेल्या मशीनला हात लावलात?"

"पेनच्या टोपणानं दाबलं ओ."

ती परत आली, परत आत गेली. "गेलीस?" "गेले." काम होतं तिथंच होतं, एवढं बरं. तिनं दुसरं भोक सरकवलं, मापं लिहिली, कडेची गोलाई घेतली. अगदी लय लागली. मग पुन्हा सौंदर्याचा जावळाचा फोटो.

"आई आली!"

"काका!"

"मी कुलूप काढलं न्हाय हां," गणपतराव आधीच म्हणाले. "म्हंजे काढलं, पर सोडवायला न्हवं. नुसतं बघायला."

"काय बघायला?"

"तुमचं चाललंय का न्हाय. गप्पच पडलंतं की मशीन. माणसाला काळजी वाटती."

"मी आत कामच करत होते!"

"मग दिसत का न्हवतासा?"

"मी आत असताना तुम्हाला दिसणार नाही. तुम्ही बघायला गेलात की मी बाहेर!"

गणपतरावांनी हे मनात दोनदा फिरवलं. "म्हंजे बघत न्हाय तवा चालतंय, आणि बघितलं की बंद पडतंय."

"बरोबर."

"मग चाललंय ह्ये कळायचं कसं?"

याला कॉम्प्युटरच्या पुस्तकातही उत्तर नव्हतं. शेजारच्या गॅलरीत कपडे झटकायला आलेल्या बाई झटकायचं थांबून ऐकत होत्या. शिवांजलीनं त्यांच्याकडं बघून हसल्यासारखं केलं, फोनवर "काका, पाया पडते," म्हटलं आणि आत पळाली.

तिसऱ्या वेळी चांगलंच काम झालं. गणपतराव दिलेल्या शब्दाला जागले. मशीनकडं पाठ करून बसले, चहासुद्धा भिंतीकडं बघत प्यायले. ड्रॉइंग जवळजवळ पुरं झालं. आणि नेमके तेव्हाच प्रभुलिंग अण्णा आले, बरोबर कागलचे पाव्हणे घेऊन. पाव्हण्यांचीही तिकडं फाउंड्री होती, आणि अण्णांच्या फाउंड्रीपेक्षा ती अंगुळभर मोठी होती, हे अण्णांना कितीतरी दिवस खुपत होतं.

"आमचं ड्रॉइंगचं काम आता घरातनं चालतंय पावणं," अण्णा म्हणाले. "बाई राजारामपुरीत, मशीन हितं. हाय का तुमच्याकडं?"

"दावा की," पाव्हणे म्हणाले.

"गणपतराव, दावा."

"अण्णा, दावायचं न्हाय," गणपतराव भिंतीला म्हणाले.

"का?"

"दावलं की चालत न्हाय."

पाव्हण्यांनी मिशीवरून हात फिरवला. ती मिशी हसत होती. अण्णांच्या अंगाची लाही झाली. त्यांनी खुर्ची ओढली आणि गणपतरावांनी टोपण पुढं करायच्या आत स्वतःच्या बोटानं पासवर्ड टाकला. तोही त्यांना ठाऊक होता. सगळ्या फाउंड्रीला ठाऊक होता.

"आई आली!"

या वेळी ती गॅलरीत पोचताच फोन तिकडूनच आला. "शिवांजली, हे काय? ड्रॉइंग उघडं हाय आणि काम करायला कोण न्हाय. गाडी चालू हाय आणि डायवर बेपत्ता!"

"अण्णा, मी होते. तुम्ही बघितलंत म्हणून मी बाहेर पडले."

"म्हंजे माझ्या बघण्यात दोष हाय?"

"तसं नाही अण्णा…"

"आज पावण्यांसमोर माझी लाज गेली. भोंग्याला किती वेळ ऱ्हायलाय, ठाव हाय न्हवं? त्या जयसिंगपूरच्या पोराला डोळ्यानं बघता तर येतंय!"

शेजारच्या बाईंनी सहानुभूतीनं उशीचा अभ्रा पिळला. तेवढ्यात फोनमध्ये मागून बयाबाईंचा आवाज आला.

"पोरीवर कशापायी आराडतासा? आमुशेच्या दिशी चालतं काम एवढ्या जणांनी टकामका बघितलं तर दृष्ट लागणार न्हाय तर काय हुणार?"

"मावशी, दृष्ट बीष्ट काय…" शिवांजली म्हणायला गेली आणि थांबली. गेल्या दोन तासांत तिनं जे गणपतरावांना, गणपतरावांनी अण्णांना सांगून कुणालाच पटलं नव्हतं, ते बयाबाईंना न सांगताच पटलेलं होतं.

"अगदी बरोबर मावशी," ती म्हणाली. "दृष्टच लागतेय."

"मला वाटलंच. किती येळ पायजे तुला?"

"भोंग्यापर्यंत."

"बस बिनघोर."

पुढचं शिवांजलीला नंतर गणपतरावांकडून कळलं. बयाबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याचा धडपा आणला, मॉनिटरवर पांघरला, वर लिंबूमिरची ठेवली आणि समोर स्टूल टाकून, हातात झाडू घेऊन बसल्या. खोलीतून सगळ्यांना बाहेर काढलं. कागलच्या पाव्हण्यांना "तुमी तर परगावचं" म्हणून सगळ्यात लांब, पार वजनकाट्यापलीकडं उभं केलं. अण्णा दाराबाहेर येरझाऱ्या घालू लागले. पहिलटकरणीच्या नवऱ्यासारखे थांबायचे, दाराला कान लावायचे, पुन्हा चालायचे.

"बयाबाई, काय आवाज?"

"गप ऱ्हावा की! मशीन घूं करतंय. बरं हाय."

आणि इकडं राजारामपुरीत पहिल्यांदाच सगळं सुरळीत चाललं. कुणी बघत नव्हतं, म्हणून ऑफिस जागचं हलत नव्हतं. शिवांजलीनं शेवटची मापं तपासली, फाइल बंद केली, पुण्याच्या पत्त्यावर मेल उघडली, ड्रॉइंग जोडलं. कमरेत कळ आली होती, सकाळचा चहा कपात साय धरून बसला होता. "पाठवा" या बटणावर बाण नेला.

ऑफिस गेलं.

या वेळी "आई आली" अशी आरोळीही उठली नाही, पण ते तिच्या ध्यानात आलं नाही. ती गॅलरीत होती आणि तिचा आवाज सातव्या गल्लीच्या टोकापर्यंत जात होता.

"कुणी बघितलं? आता कुणी बघितलं?"

"अंबाबाईची आन," बयाबाई म्हणाल्या, "मी डोळंबी मिटूनच बसलेय!"

"मी न्हाय," गणपतराव. "मी तर तोंडबी भिंतीकडं केलंय."

"अगं मी आवारात हाय, आवारात!" अण्णा लांबून ओरडले. मग जरा थांबून, "पावणं, तुम्ही खिडकीतनं वाकून तर बघितलं न्हाईसा न्हवं?"

"मी? वजनकाट्यापाशी उभा करून ठिवलाय मला मघाधरनं!"

"न्हाय, पर मिशी हासत होती तुमची."

"मिशीचा काय संबंध ओ?"

दोन फाउंड्र्यांमधली जुनी गोष्ट बाहेर पडायला लागली होती. शिवांजली फोन कानाला धरून मागं वळली, घरात बघितलं, आणि बोलायची थांबली.

कॉम्प्युटरच्या टेबलाशेजारी सौंदर्या उभी होती. तिच्या हातात मोडेमचा प्लग होता. दुसऱ्या हातात सकाळी पडलेली ती वाटी, रिकामी.

"सौंदर्या, हे काय केलंस?"

"लई वेळ झाला तू गेलीस," सौंदर्या म्हणाली. ओठ बाहेर आला होता, पण आवाज शहाण्या माणसाचा होता. "मी हाक न्हाई मारली. ओढणी न्हाई ओढली. भूक लागली. म्हणून तुला घरी आणलं."

शिवांजलीनं रागवायला तोंड उघडलं. मग फोनमधलं भांडण तिला ऐकू आलं. चार मोठी माणसं एका लुगड्याच्या धडप्याभोवती एकमेकांवर आळ घेत होती, आणि ही चिमुरडी सांगितलेला प्रत्येक नियम पाळून उभी होती. तिनं तोंड मिटलं.

"अण्णा," ती फोनमध्ये म्हणाली, "पाव्हण्यांना सोडा. तिकडचं काही नाही. इकडचीच दृष्ट होती."

"इकडची? कुणाची?"

"घरातलीच."

"मग काढ की लवकर! भोंगा हुईल!"

तिनं प्लग खोचला. मोडेमचे दिवे आस्ते आस्ते उठतात, आळशी माणसासारखे; पहिला लागतो, मग दुसरा, मग तिसरा नुसता लुकलुकत बसतो. तेवढ्या वेळात शिवांजलीनं भात कालवला, वर तुपाची धार सोडली, आणि खुर्चीत बसून सौंदर्याला मांडीवर घेतलं. उजव्या हातानं घास, डाव्या हातानं माउस. दिवे लागले. ऑफिस परत आलं. मेल होती तशीच, ड्रॉइंग जोडलेलं.

"दाब," तिनं लेकीला सांगितलं.

सौंदर्यानं भाताच्या बोटानं दाबलं.

ड्रॉइंग पुण्याला पोचलं आणि शिरोलीचा भोंगा झाला. तो गॅलरीच्या कठड्यावर चालूच ठेवलेल्या फोनमधून इकडंही ऐकू आला, आणि शिवांजली तिकडं धावली. मग अण्णांचा आवाज आला, पाव्हण्यांना ऐकू जाईल इतका मोठा.

"गेलं का न्हाय? गेलं! शिवांजली, बस तू घरात! सोमवारपासनं सकाळी नऊला आत शिरायचं आणि सहापर्यंत बाहेर यायचं न्हाय. बयाबाई रोज कापड घालतील." मग हलक्या आवाजात, "पोरगी काय करती?"

"जेवतेय अण्णा."

"जेवू दे, जेवू दे."

शिवांजलीनं फोन ठेवला, ओढणीची पिन काढली आणि सौंदर्याला उचलून दोन गिरक्या घेतल्या. शेजारच्या बाईंनी गॅलरीतून टाळ्या वाजवल्या.

"सौंदर्या, आता शिरोलीला जायचं नाही! आजपासून आई रोज घरी!"

सौंदर्यानं आईच्या खांद्यावरून कॉम्प्युटरकडं बघितलं. पडद्यावर ऑफिस अजून उघडंच होतं, निळं, मोठं. तिनं ते नीट बघून घेतलं. मग आईच्या गालावर भाताचा हात ठेवून तोंड आपल्याकडं वळवलं.

"रोज तिथं जाणार?"

"हो, पण इथूनच ना बाळा."

"मग घरी कधी येणार?"